भोंग्याच्या घरातला अभ्यास

धाकटीच्या बापाला कारखान्यात सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. मागून, अर्थातच. ओतकाम खात्याचा तो फोरमन. पाळी सुरू होण्याआधी त्याचा आवाज सुरू व्हायचा. घरीही तोच कारभार. पोरांच्या अभ्यासाचं वेळापत्रक तो स्वतः आखायचा, पट्टी धरून, रंगीत पेन्सिलींनी. त्यात घास गिळायलाही चौकट असायची. चौकट चुकली की खुंटीवरचा पट्टा खाली यायचा. कमरेचा नव्हे, मशीनचा, रबरी, जाड. अंगावर बसला की आधी आवाज यायचा, मग आग.

“स्वतःला शिकता आलं नाही ना, म्हणून जीव तुटतो त्यांचा,” आई म्हणायची.

“जीव त्यांचा तुटतो, कातडी आमची,” दादा म्हणायचा.

दादाचं तर सगळंच तुटलं होतं. परीक्षेच्या तोंडावर एकदा तो पुस्तकावर पेंगला आणि बापानं डाव्या कानाखाली अशी काढली, की कानातून रक्त आलं. कान पिकला, परीक्षा तापात गेली, निकाल लागायचा तो लागला. डाव्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मग तो गॅरेजात लागला. ठोकर खाल्लेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचा. घरात बापाशी बोलणं बंद. दुपारी जेवायला यायचा, खालमानेनं जेवून जायचा.

मग बापाची सगळी नजर धाकटीवर आली. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वॉर्डातली ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. बापाच्या चौकटीत ती बसणार कशी? पोरगी हुशार. तिनं आपल्यापुरतं हेरलं होतं, की ड्यूटीवरून आल्यावर आधी झोप काढायची, मग अवघड धडा घ्यायचा, पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारायचे आणि डोकं जड झालं की उठून चार फेऱ्या मारायच्या. त्या रीतीनं तिला सगळं लक्षात राहायचं. पण बापाला दिसायचं काय? पोरगी झोपलीय, नाहीतर पोरगी हिंडतेय.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. धाकटी रात्रभर वॉर्डात उभी राहून आली आणि आडवी झाली. दुपारी पहिला फटका पाठीवर बसला तेव्हाच तिला जाग आली.

“आत्ता कशाची वेळ आहे?” बाप पट्टा हातावर गुंडाळत म्हणाला.

“बाबा, ऐका. रात्री तीन पेशंट सिरियस होते. तासभर झोपू द्या, मग बसते. पेंगत वाचलेलं राहतच नाही हो डोक्यात.”

“मला शिकवतेस?”

दुसरा फटका खांद्यावर, तिसरा मानेवर. चौथा चुकवायला तिनं हात वर केला तर पट्टा बोटांवर बसला आणि करंगळीचं नख उखडलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली, मधे पडली. “अहो, पुरे! मरेल ती!” बापानं तिला असं भिरकावलं, की ती कपाटावर आदळून खाली बसली. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं. तरी ती नवऱ्याचा पाय धरून ठेवत होती आणि तो त्याच पायानं तिला झटकत होता.

तेवढ्यात दार उघडून दादा आत आला. त्यानं आईचं कपाळ पाहिलं, बहिणीचा हात पाहिला. दिवसभर घण मारणारा माणूस तो. त्याचा पहिलाच ठोसा बापाच्या तोंडावर बसला आणि दात जमिनीवर पडला. दुसऱ्या ठोशाला बाप अभ्यासाच्या टेबलावर उताणा झाला. मग दादानं दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला.

आधी धाकटीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, बरंच वाटलं. मग बापाचे ओठ निळे पडायला लागले. तो रंग तिनं वॉर्डात पाहिला होता आणि त्यानंतर काय होतं तेही पाहिलं होतं.

“दादा, सोड! दादा!” ती घसा फोडून ओरडत होती. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून. त्याला ऐकूच येत नव्हतं! ध्यानात येताच ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, पण आता तो कुठल्याच कानानं ऐकणारा राहिला नव्हता. शेवटी तिनं त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तोंडात रक्त येईपर्यंत. तेव्हा बोटं सुटली.

बाप घसरून खाली आला. घशातून करवतीसारखी घरघर. धाकटीनं त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त बोटानं काढलं, मान नीट धरली. तिच्या नखाचं रक्त त्याच्या गालाला लागत होतं. दादा भिंतीला टेकून आपल्याच पंज्यांकडे पाहत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं हे?”

“जिन्यावरून…” आई सुरू झाली.

“जिना नाही,” धाकटी म्हणाली. “यांनी आम्हाला मारलं, भावानं यांना मारलं.” आणि तिनं पाठ वळवून वळ दाखवले. डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलं. बापानं हवालदारासमोर मान खाली घातली. तक्रार मात्र कुणीच कुणाविरुद्ध केली नाही.

दोघं भावंडं गॅरेजमागच्या खोलीत राहायला गेली. भिंतीपलीकडे घणाचे ठोके पडायचे आणि त्यात धाकटी गाढ झोपायची, उठायची, वाचायची. एकदा सराव पेपरात ती नापास झाली. तेव्हा दादा तावातावानं उठला. “एवढं मोकळं सोडलं आणि हे दिवे लावलेस?” त्याचा हात वर गेला. धाकटी जागची हलली नाही.

“मार,” ती म्हणाली. “पण मग मी इथेही राहणार नाही.”

हात तिथेच थांबला. तो बाहेर गेला आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, “कुठला धडा चुकला? मला समजावून सांग. मला कळला तर तुलाही कळलाच म्हणायचा.”

तेव्हापासून कामावरून आलेला दादा रोज समोर बसायचा, उजवा कान तिच्याकडे करून, आणि ती त्याला हृदयाच्या झडपा कशा उघडतात ते सांगायची.

धाकटी पास झाली. पहिली वगैरे नाही, पण सगळ्या विषयांत. आईनं येऊन निकाल विचारला. “घरी विचारलंय,” ती हळूच म्हणाली. “आवाज अजून फुटत नाही त्यांचा, खुणेनं विचारलं.”

धाकटीनं मार्क सांगितले. “घरी या असं म्हटलं का?” तिनं विचारलं.

“म्हटलं.”

“सांग, नाही येणार. आणि तू इथे ये, आई. खोली लहान आहे, पण तिघं मावतो.”

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग चपला काढून आत आली आणि बसली.