चाराचा आकडा

फर्गल टुही हा आयरिश संगीतकार अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचा. वय सत्तरीला टेकलेलं, स्वभाव जमदग्नीचा. तो पेन्सिलीने रचना लिहायचा आणि मी ती कॉम्प्युटरवर उतरवून प्रत्येक वादकाची वेगळी प्रत काढायचे. माझ्याआधीच्या दोघांना त्याने एकेका टिंबासाठी हाकललं होतं. मी तीन वर्षं टिकले होते आणि खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता.

२००६च्या ऑक्टोबरात त्याच्या नव्या रचनेचा पहिला कार्यक्रम ठरला. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. आदल्या दिवशी मी तालमीला निघतच होते, तेवढ्यात त्याचा फोन आला. शेवटच्या भागात व्हायोलाने दोनऐवजी चार बार थांबायचं. बार म्हणजे आपल्याकडचं आवर्तन समजा. एका हातात फोन धरून मी छापलेल्या प्रतीवर दोन खोडून चार लिहिले.

तालमीला फर्गल कागद न घेता, डोळे मिटून बसायचा. कोणी किंचित जरी उशिरा आलं तरी ओरडायचा. शेवटचा भाग आला. चार बार झाले, व्हायोलावाली बाई गप्पच. पाच, सहा. आठ झाल्यावर तिने वाजवायला सुरुवात केली.

आता हा पेटणार, म्हणून मी पर्स उचलून तयारीत बसले. तालीम संपल्यावर तो म्हणाला, "परफेक्ट. सुलेखा, असं काम कोणी करत नाही."

मी जाऊन बाईची प्रत पाहिली. चार मी मराठीत लिहिले होते: ४. अमेरिकन माणसाला तो आठच दिसणार. मनातला हिशेब माझा कायम मराठीतच, पण हात असा दगा देईल असं वाटलं नव्हतं. आणि त्याने 'परफेक्ट' म्हटलेली प्रत त्याला न विचारता खोडायचं धाडस होईना.

घरी नवऱ्याला, यतीनला सांगितलं.

"त्याने नोटिस केलं नाही ना? मग सोड यार. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उद्या भरल्या हॉलमध्ये नोटिस केलं तर? का आत्ताच कळलंय आणि उद्या मला काढणार आहे?"

"मग जा, सांगून टाक. पण जॉब गेला तर माझ्यावर चिडू नकोस."

सकाळी उठून तडक फर्गलचं घर गाठलं आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्याने तो आकडा मला कागदावर काढायला लावला, चष्मा वर करून पाहिला आणि मोठ्याने हसला.

"खरंच आठ दिसतो."

नोकरी वाचली म्हणून मीही हसले. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला पाच आणि सहासुद्धा काढून दाखवले. पण त्याचं हसू थांबलं होतं.

"म्हणजे काल ती आठ बार थांबली?"

"हो. चूक माझी आहे, फर्गल. मी प्रत आत्ता दुरुस्त करते."

"प्रतीचं राहू दे." तो कागदाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी मोजत होतो, सुलेखा. ती चारावरच आली. मी ऐकलं."