बूट घालूनच वाढणारा पाय

खानापूर रोडवरचं मंगल कार्यालय बायकांनी खच्चून भरलं होतं. परदेशातून आलेल्या चर्चच्या सेवामंडळानं दोन दिवसांचा महिला मेळावा भरवला होता. सकाळी रक्तदाब तपासून झाला, मुलांच्या खाण्यापिण्यावर चार शब्द झाले, तिथवर सगळं ठीक होतं. दुपारी मात्र ब्रदर डॅरेन नावाचा धिप्पाड गृहस्थ मंचावर गुडघे टेकून बसला आणि मेळाव्याचा रंगच पालटला.

समोर खुर्चीवर गावातल्या जयाबाईची लहानगी लेक तेजस्वी. जन्मापासून पोरीचा डावा पाय बोटभर आखूड. डॅरेननं तिच्या दोन्ही टाचा हातात धरल्या, डोळे मिटले आणि पायाला इंग्रजीतून हुकूम सोडला. खानापूरच्या पायाला इंग्रजी कुठलं कळायला! म्हणून शेजारी माईक घेऊन प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. बेळगावात इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी हुकूम मराठीत केला, "पाया, वाढ!"

आणि पाय वाढला! डावा बूट हळूहळू पुढे येत उजव्याला भिडला. बायकांनी एकच गिल्ला केला. "शंका घ्याल तर पाय पुन्हा आखडेल!" डॅरेन गरजला. प्रमोदिनीबाईंनी तेही इमानानं मराठीत सांगितलं. जयाबाईनं रडत रडत आधी डॅरेनचे पाय धरले आणि मग बाईंचे.

बाई स्वतः देवभोळ्या नव्हत्या. त्या मंचावर आल्या त्या कॅरोलसाठी. मंडळाची ही पुढारीण आठवडाभर त्यांच्याच घरी उतरली होती. त्यांच्याकडून भाकरी थापायला शिकली, त्यांना आक्का म्हणू लागली. डोळ्यांदेखत घडलेल्या प्रकारानं बाईही चक्रावल्या होत्या. पण कॅरोलसारखी बाई खोटं कशाला बोलेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा मिठाईचा पुडा घेऊन त्या जयाबाईच्या घरी गेल्या. तेजस्वी भिंतीला धरून लंगडत दार उघडायला आली.

"अगं, हिचा उंच तळाचा बूट कुठाय?"

"बंबात घातला की," जयाबाई हसत म्हणाली. "आन् सोमवारचं आप्रेशन बी नको म्हणून दवाखान्यात कळवलं."

"जयाबाई, पोर अजून लंगडतेय!"

"तसं म्हणू नगासा बाई. शंका घेतली की पाय आखडतोय, तुमीच सांगितलासा न्हवं? त्या गोऱ्याचं मला काय कळतंय? म्या तुमचं ऐकलं."

बाईंच्या हातातला पुडा हातातच राहिला.

"टीचर," तेजस्वी हळूच म्हणाली, "पाय न्हाय वाढला. बूट सरकला. लई ढगळ हुता."

मग बाईंना कालचं दार आठवलं. प्रार्थना म्हटल्यावर आपल्या रीतीनं बायांनी चपला बाहेरच काढल्या होत्या. कार्यालयाच्या पायरीवर ढीग पडला होता. तेजस्वीही अनवाणीच आत आली होती. पण कॅरोलनं तिला बाजूला नेलं, भेट म्हणून नवे बूट घातले आणि मगच मंचावर बसवलं. बाईंना तेव्हा ती माया वाटली होती.

मायलेकींना त्या बुटांसकट बरोबर घेऊन कार्यालयात पोचताच त्यांनी कॅरोलला गाठलं. कॅरोलनं नाकारलं नाही. "आक्का, श्रद्धेला कधी कधी थोडा आधार द्यावा लागतो. डॅरेन सगळीकडे असंच करतो."

"म्हणजे माझ्या चुलीशी बसून भाकरी थापत होतीस, तेव्हाही तुला ठाऊक होतं?"

बाईंना रडू फुटेल असं वाटलं, पण त्याहून मोठा संताप आला. परका फसवतो तेव्हा माणूस सावध तरी असतो. हिला तर त्यांनी घरात घेतलं होतं आणि हिनं त्यांचीच जीभ वापरली होती.

मेळावा भरला. तेजस्वीला घेऊन बाई मंचावर चढल्या आणि माईक हातात घेतला. "ब्रदर, आमच्यात प्रार्थनेला पायात काही घालत नाहीत. आज अनवाणी पाय वाढवा."

डॅरेननं टाचा धरल्या, घसा बसेस्तोवर हुकूम सोडले. उघडा पाय जिथल्या तिथे. "इथे शंकेचा आत्मा शिरलाय!" तो ओरडला.

"शंकेचा नाही, उजेडाचा," बाई म्हणाल्या. त्यांनी कालचे ढगळ बूट पोरीला घातले. "बघा. आधी आखूड पायाचा बूट टाचेला घट्ट दाबून धरायचा. फरक दिसला? आता बोलता बोलता तोच बूट टाचेपासून पुढे ओढायचा. तळवे जुळले! पाय तेवढाच, बूट तेवढा पुढे आला. टाचेखाली बोट घालून बघा, आत पोकळी आहे."

जन्मभर चर्चला जाणाऱ्या म्हाताऱ्या मालुबाई मागून उठल्या. "आमच्या येशूला बूट लागत न्हाईत रं बाबा!" डॅरेननं पाठ फिरवली. कॅरोल "आक्का" म्हणत पुढे आली, तशा बाई बाजूला सरकल्या.

जयाबाई मात्र जागची हलली नव्हती. "बाई, मग आता आमी कुणाचं ऐकायचं?"

तो प्रश्न बाईंना वर्मी लागला. "माझंही नुसतं ऐकू नका, जयाबाई. मी शिकलेली, तरी फसले, कारण माणूस जवळचा वाटला म्हणून त्याची करामत तपासली नाही. सांगणारा गोरा असो, भगवा असो, की तुमची बाई असो. बूट काढायला लावा आणि आपल्या डोळ्यांनी बघा."

जयाबाई मंचावर आली. लेकीच्या पायातले बूट तिनं स्वतः काढले, दोन्ही टाचा जुळवल्या आणि बराच वेळ त्या बोटभर अंतराकडे बघत राहिली. मग पोरीला कडेवर घेऊन म्हणाली, "दवाखान्याला फोन लावा बाई. पर बोलणार मीच."