बासष्ट जणांचा गोड भात

दरवर्षी विजयदिन जवळ आला, की पळीमामांच्या पोटात दुखायला लागायचं. कॅलेंडर बघून येणारा असा आजार दुसरीकडे कुठे सापडायचा नाही. मामा पलटणीचे स्वयंपाकी. हातात बंदुकीपेक्षा पळीच जास्त, म्हणून जवानांनी ठेवलेलं नाव आयुष्यभर चिकटलं. यंदा विजयाला पन्नास वर्षं होत होती. निमंत्रणात हयात असलेल्या नऊ जणांची नावं होती आणि खाली एक ओळ होती, शहिदांचे कुटुंबीयही येणार आहेत. ती वाचली आणि मामांनी अंथरूणच धरलं.

सून शिवणकाम करणारी. कुठे उसवलेलं दिसलं की तिला चैन पडत नसे. मामांच्या जुन्या कोटाला बटणं लावता लावता ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरला फसवाल, मला नाही. खरं काय ते सांगा."

मामांनी तोंडावरचं पांघरूण खाली ओढलं.

"त्या दिवशी सकाळी बासष्ट जण जेवून टेकडीवर गेले," ते म्हणाले. "दुपारी वायरलेसवर शब्द आला, जिंकलो. मला आनंदाने काही सुचेना गं. वर किती पडले ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. होती नव्हती ती साखर भातात ओतली. संध्याकाळी खाली आले अडतीस. चोवीस पोरं गेली, आणि मी गोडधोड करून वाट बघत बसलेलो! आता त्यांच्या घरच्यांपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?"

सून रडत बसणारी नव्हती. तिने चार ठिकाणी फोन केले आणि त्या नऊ जणांमधल्या वायरलेसवाल्याचा पत्ता काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत दारात हजर.

"ऊठ रे," त्याने आल्या आल्या सुरुवात केली. "सूनबाईने सगळं सांगितलंय मला. अरे, जिंकलो हा निरोप मीच दिला होता, पण तसं वाटत कुणाला होतं? आपलीच माणसं खांद्यावर घेऊन उतरत होतो आम्ही. तो भात तोंडात गेला तेव्हा कुठे कळलं, संपलं हे. आता घरी जायचं. रडत रडत तीनदा मागून घेतला मी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तू भेटशील तर ना!"

मामा उठले. पोटाचं नाव कुणी काढलं नाही.

मैदानावर ते मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसले. भाषणं लांबली. पाहुण्यांना युद्धाबद्दल फार माहिती होती, लढलेल्यांपेक्षाही जास्त. ती संपल्यावर पन्नाशीची एक बाई नावं विचारत विचारत मामांपर्यंत आली. चोविसांतल्या एकाची मुलगी. वडील गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेली.

सून उठून मामांच्या मागे उभी राहिली.

"वडिलांचं शौर्य सगळे सांगतात," बाई म्हणाली. "पण ते माणूस म्हणून कसे होते, हे कुणाला सांगता येत नाही. तुम्ही रोज वाढायचात ना त्यांना? काय आवडायचं त्यांना?"

मामांनी मान वर केली. हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"खरवड," ते म्हणाले. "पातेल्याच्या तळाची, करपलेली. मुद्दाम रांगेत शेवटी उभा राहायचा लेकाचा. दुसऱ्या कुणी मागितली तर भांडायचा."

बाई हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"मीपण भांडते," ती म्हणाली. "अजून."

मामांनी शेजारची खुर्ची पुढे ओढून तिला बसवलं. त्यांचं सांगणं सुरू झालं, आणि ते ऐकून बाकीच्या कुटुंबांतली माणसंही एकेक करून जवळ सरकली.