कुंकवाखालची ओळ

मित्रांनो, मी एका मराठी वर्तमानपत्राचे पहिले पान आहे. जुने, पिवळे पडलेले, घडीवर विरत चाललेले. आम्हा वर्तमानपत्रांना आयुष्य असते ते एका सकाळपुरते. दुपारी आमच्यावर भाजी निवडतात, संध्याकाळी आम्हाला फडताळात अंथरतात. मला मात्र देवासारखे जपले गेले, आणि त्या जपण्यानेच माझी ही दशा झाली.

माझा जन्म २००७ सालच्या जुलै महिन्यातला. देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली होती. छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगावर मोठा मथळा होता आणि त्याखाली डोक्यावर पदर घेतलेल्या बाईंचे छायाचित्र. गठ्ठ्यात बांधून मला रेल्वेने हैदराबादला पाठवले. काचीगुडा स्टेशनाबाहेर मराठी पेपर मिळे तो एक दिवस शिळाच. तिथून दत्तोबांनी मला घेतले.

दत्तोबा आबिड्सच्या बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला होते. मूळचे नांदेडकडचे शेतकरी, पण हैदराबादच्या बरकतपुऱ्यात आता मुरलेले. त्यांच्या बायकोचे नाव मालनबाई. मालनबाईंना वाचता येत नव्हते. लहानपणी भावांच्या हाती पाटी आली, यांच्या हाती वासराचे दावे. दोन दिवसांपूर्वी टीव्हीवर निकाल ऐकून त्यांनी गल्लीभर साखर वाटली होती. शेजारच्या तेलुगू बाईंनी विचारले, "तुमच्या नात्यातल्या काय?" तर या ठसक्यात म्हणाल्या, "हौ, आमच्याकडचीच लेक हाय!"

मला पाहताच त्या हात पुसत आल्या. "अहो, वाचा ना मोठ्यानं. फोटो तर मलाबी दिसायलाय."

दत्तोबांनी मथळा वाचला, बातमी वाचली. खाली येता येता त्यांचे डोळे मिश्कील झाले. डाव्या कोपऱ्यातल्या मजकुरावर बोट ठेवून त्यांनी त्याच सुरात पुढे वाचले, "हैदराबादेत बरकतपुऱ्यातील मालनबाई यांनी आनंदाने गल्लीत साखर वाटली. अशा बायांमुळेच हा दिवस दिसला."

"चला! थट्टा करायलात."

"थट्टा कशाला? छापलंय की इथं. आता तुझं नाव मी पुसू का?"

मित्रांनो, माझ्यावर काय छापले आहे हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? त्या कोपऱ्यात एका पुलाच्या दुरुस्तीची बातमी होती. दत्तोबा पुढच्याच क्षणी हसून टाकणार होते. पण मालनबाई त्या ओळींवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाबानं शाळेत नाव घातलं न्हाई, अन् पेपरात आलं की हो." त्यांचे डोळे भरून आले. दत्तोबांनी हसू आवरले, आणि खरे काय ते कधीच सांगितले नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला पाटावर गौतमची पुस्तके मांडली गेली. गौतम हा त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा. पुस्तकांच्या वर मालनबाईंनी मला ठेवले. पाण्यात बुडवलेले फूल फिरवले, आणि हळदकुंकू वाहिले ते नेमके त्या कोपऱ्यावर. मग दत्तोबांनी ती ओळ वाचायची आणि मालनबाईंनी मान खाली घालून ऐकायची. दरवर्षी हेच. शब्दाला शब्द तोच. सुख म्हणतात ते हेच असावे, असे मला तेव्हा वाटे. ओल्या कुंकवाने माझी शाई सुटते आहे, कागद कुजतो आहे, याची मला खंत नव्हती.

पुढे दत्तोबा गेले आणि वाचणारे कुणी उरले नाही. गौतम मोठा साहेब झाला, पण त्याचे सारे शिक्षण इंग्रजी-तेलुगूत; मराठी वाचायला तो शिकलाच नाही. दसरा आला की मालनबाई मला काढत, कुंकू वाहत आणि थोडा वेळ तशाच बसून राहत. आपली नात मोठी झाली की ती वाचेल, हीच त्यांची आस होती.

नात निशिगंधा गेल्या दसऱ्याला त्यांच्याशेजारी बसली. शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरे ओळखीची होती.

"आण इकडं आजी, मी वाचते. पण हसायचं नक्को हं."

अडखळत तिने मथळा वाचला. मालनबाई सरसावून बसल्या. "ते ऱ्हाऊ दे. खाली, डाव्या अंगाला बघ. तिथं माझं नाव हाय."

निशिगंधाने मला उजेडात धरले. "आजी, इथं काहीच नाही. नुसतं कुंकू आहे. कागदच गेलाय."

"नीट बघ की गं."

"नाही ना दिसत."

मालनबाईंनी आपले कुंकवाचे बोट डोळ्यांजवळ नेले. "मंजे म्याच पुसलं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळीचा घास मोडला नाही.

मला ओरडून सांगायचे होते, बाई, तुम्ही काही पुसले नाही. पण कागदाला कुठला आवाज!

निशिगंधाला चैन पडेना. कुणीतरी सांगितले म्हणून ती चिक्कडपल्लीच्या एका वाचनालयात गेली. तिथे जुने मराठी अंक बांधून ठेवले होते. माझेच एक स्वच्छ भावंड तिला त्यात सापडले. त्याचा फोटो मोबाइलवर घेऊन ती धावत घरी आली.

"आजी! तू काहीच नाही पुसलंस! तुझं नाव इथं नव्हतंच कधी. पुलाची बातमी आहे. आबा थट्टा करत होते तुझी!" आजीच्या छातीवरचा धोंडा उतरवला, म्हणून पोर खुशीत हसत होती.

मालनबाई म्हणाल्या, "वाच."

तिने पुलाची बातमी वाचली.

"परत वाच."

तिने परत वाचली. तिचे हसू आता मावळले होते. "रागावलीस का, आजी? आबांचं किती प्रेम होतं गं तुझ्यावर."

"होतं की," मालनबाई म्हणाल्या. "मग पाटी घेऊन बसवायला काय झालं होतं? सारी वर्सं बोट ठिवून वाचायचे. ते बोट माझ्या हाताला धरून अक्षरावर फिरवलं असतं तर?" मग त्या पुटपुटल्या, "म्हणले असतील, हिला काय कळतंय."

त्यांनी माझी घडी घालून मला ट्रंकेच्या तळाशी ठेवले. तो मोबाइल पुन्हा मागितला नाही, दत्तोबांचे नाव पुन्हा काढले नाही. थंडी सरता सरता मालनबाई गेल्या.

तेराव्यानंतर निशिगंधाने ट्रंक उघडली आणि माझ्यावर एक कात्रण ठेवले. गौतमने मराठी पेपरात दिलेली दोन ओळींची निधनवार्ता. मालनबाईंचे नाव छापून आले ते असे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. दत्तोबा दुष्ट नव्हते. त्यांनी आपल्या बायकोला एक सुंदर ओळ दिली. फक्त ती ओळ खरी की खोटी हे पाहण्याची अक्षरे दिली नाहीत. तुमच्या घरात कुणी आजी, कुणी मावशी पेपर हातात घेऊन नुसती चित्रे पाहत असेल, तर वाचून दाखवण्यावर थांबू नका. शेजारी बसा, तिचे बोट धरा, आणि तिचे नाव तिच्याच हाताने काढून घ्या. त्या हाताला ऊब आहे तोवरच.