पडद्यात बसलेली खोली

बाईंच्या धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी बाईंच्या पायाला भिंगरी होती. सकाळी लेकीकडे जाऊन दोन्ही पोरांना आंघोळ घालायची, मग दुकान गाठायचं, आणि दुकानातून घरी आलं की अंथरुणाला खिळलेली आई. दिवसा आईजवळ बसायला एक नर्स यायची, म्हणून निभावत होतं.

दुकान वापरलेल्या टीव्हींचं होतं. आलेला प्रत्येक सेट बाई तपासायच्या आणि कागदावर लिहून द्यायच्या. खिशाला कायम टेस्टर अडकवलेला असे, म्हणून सगळे त्यांना टेस्टरबाईच म्हणत. मालक गिऱ्हाइकांना सांगे, "आमच्या बाईंपासून पडद्यावरचा ठिपका लपत नाही, आणि माणसाचं खोटं तर मुळीच नाही."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी भाची टेम्पोतून भला मोठा सेट घेऊन आली. दोन हमालांनी तो आतल्या तपासणीच्या खोलीत टेबलावर उभा केला.

"आत्या, बाबांचा टीव्ही आणलाय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का? आता याहून मोठा हवाय का त्याला?"

"नाही गं. म्हणाले, मला आता लागत नाही, तू घेऊन जा. पण माझ्या घरात तीन माणसं, तीन तोंडं. मला पिक्चर, ह्यांना गेम आणि सासऱ्यांना मॅच. तू बरा म्हणालीस तरच भिंतीवर चढवणार."

"तुझ्या बापाने बघून बघून पार भुगा केला असेल त्याचा. दुसरं काय काम आहे त्याला?"

"टोमणे मला नको मारूस. तुमचं तुम्ही बघा."

बहीणभावांचं ते असं होतं. सहा वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन दादाने, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाने, हट्टाने करवलं. ते बिघडलं आणि आई पुन्हा चालली नाही. दवाखान्याच्या जिन्यात बाई दादाला म्हणाल्या, "माझ्या घरात पाऊल टाकू नकोस." त्याने टाकलं नाही. पुढे वहिनी गेली, दादा दुसऱ्या गावात एकटा राहू लागला, बाईंनीही घर बदललं. दादा महिन्याला औषधं पाठवी आणि रविवारी दोन मिनिटं फोन करी. आईची तब्येत विचारून ठेवून देई. बाई सगळ्यांना सांगत, "सहा वर्षांत त्याला एकदा आईचं तोंड बघावंसं वाटलं नाही."

बाईंनी पडदे ओढले, दार लावलं आणि सेट तापायला ठेवला. आधी पिक्चर. गुहेत एक माणूस कंदील घेऊन चाललाय, एवढाच तुकडा त्या नेहमी लावत. या ओएलईडी सेटच्या मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो आणि विझला की ठार विझतो. कंदिलाच्या उजेडात माणसाची दाढी केसन् केस दिसत होती, आणि भोवती असा काळोख की टीव्हीची कडा कुठे संपली ते कळेना.

"अगं बाई," भाची हळूच म्हणाली.

"पिक्चरला दहात नऊ," बाईंनी लिहिलं. "तुझं काम झालं. आता तुझ्या नवऱ्याचं."

गेमचं यंत्र जोडून त्यांनी कंट्रोलर भाचीच्या हातात दिला. "बटण दाबल्याबरोबर उडी मारतोय ना? की वेळ लागतोय?"

"मी दाबायच्या आधीच मेला."

"तो तुझा दोष. सेटला नऊच."

शेवटी मॅच. फुटबॉलचं हिरवंगार मैदान आलं. चेंडू सुटला की मागे शेपूट दिसतं का, ते बाई बघत होत्या. शेपूट नव्हतं. पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला आणि मैदानावरची एक काळपट सावली जागची हलली नाही. खेळाडू तिच्यातून आरपार पळत होते.

"डाग आहे," बाई म्हणाल्या. त्यांना त्यात नवल नव्हतं. या सेटमध्ये एकच चित्र खूप दिवस एका जागी राहिलं, तर तिथले ठिपके झिजतात आणि चित्र पडद्यात बसतं. बातम्यांच्या चॅनेलची पट्टी बसते, स्कोअरची चौकट बसते. 'आम्ही फक्त ज्ञानाचं बघतो' म्हणणाऱ्या एका प्राध्यापकांच्या सेटमधून त्यांनी सासूसुनांच्या मालिकांच्या चॅनेलची खूण काढून दाखवली होती. "चल, तुझा बाप दिवसभर काय बघत होता ते उघडं पाडू," म्हणत त्यांनी पडदाभर नुसता राखाडी रंग लावला.

राखाडीत एक खोली होती.

जिथे उजेड जास्त, तिथले ठिपके जास्त झिजतात, म्हणून सगळं उलटं उमटलं होतं. खिडकी काळी. पांढरी चादर काळी. वरच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे एकावर एक बसून नुसते आठच आठ झाले होते. मधे पलंग, पलंगाला एका बाजूने कठडा, उशाशी औषधांचं स्टूल. खिडकीची चौथी सळई अर्धीच होती.

ती सळई बाईंनी स्वतः उभं राहून कापून घेतली होती, कूलरची नळी बाहेर काढायला.

त्यांनी वायर उपसली, दुसऱ्या यंत्रावरून राखाडी लावला. खोली तिथेच. सेट बंद करून परत लावला. खोली तिथेच. त्यांचं घर या टीव्हीने कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांच्या घरातला पलंग त्यात रुतून बसला होता.

"आत्या," भाचीचा आवाज बसला होता, "ही आजीची खोली आहे."

तीन वर्षांपूर्वी भाचीनेच तिथे कॅमेरा बसवला होता. आजी पलंगावरून पडली तर बाबांना फोनवर कळेल, म्हणून. पैसे दादाचे होते. बाईंना वाटे, दादा महिन्यातून कधी एखाद्या वेळी फोन उघडत असेल, ते सुद्धा बहिणीची चूक सापडते का बघायला.

"मला वाटलं फोनवर बघत असतील," भाची म्हणाली. "मी त्यांच्याकडे गेले की बाबा लगेच टीव्ही बंद करायचे. मी म्हणायचे, कंजूष आहेत, वीज वाचवतात. असं उमटायला किती वेळ लागतो गं?"

"रोजचे दहा-बारा तास. दोन-तीन वर्षं तरी." कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं बाईंनी सांगितलं. मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं.

तपासणी अर्धी सोडायची त्यांना सवय नव्हती. हाताने आपोआप पुढचं बटण दाबलं आणि पडदा लाल झाला. लालमध्ये पलंगाच्या चित्रावर आणखी एक चित्र दिसलं, फिकट. सहा बटणांचा स्विचबोर्ड, आणि त्याच्या बाजूने भिंतीला गेलेली वाकडी भेग.

हे काय आहे ते भाचीला कळलं नाही. बाईंना कळलं. मागच्या हिवाळ्यात आईचं अंग पुसताना कॅमेऱ्याच्या त्या डोळ्यासमोर त्यांना नकोसं झालं आणि त्यांनी तो भिंतीकडे फिरवला. परत सरळ करायचा राहिला. राहिला असं त्या स्वतःला सांगत. तीन आठवड्यांपूर्वी हवेच्या गादीचा पंप आला, त्याला प्लग हवा होता, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची वायर काढली. दादाने एका शब्दाने विचारलं नाही. त्याने टीव्ही देऊन टाकला.

"पुसता येतं का हे?" भाचीने विचारलं.

"थोडं. पडदा धुवायची एक सोय असते आत."

"नको पुसूस."

बाईंनी फोन लावला. दोनच रिंग झाल्या. रविवार नव्हता, म्हणून दादाने पहिलाच प्रश्न विचारला, "आई आहे ना?"

"आहे. दादा, तू टीव्हीवर आईला बघत होतास?"

"घरात असेन तेव्हा."

"मी कॅमेरा भिंतीकडे फिरवला होता."

"हो."

"आठ महिने तू भिंत बघत बसलास?"

"आवाज येत होता की. तिचा खोकला येत होता. तू तिला रागावायचीस, ते येत होतं."

भाचीने पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. "आणि वायर काढली तेव्हा? मला विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला तेही नको झालं."

"अरे, पंपाला प्लग नव्हता रे." एवढंसं कारण सांगताना त्यांचा आवाज फुटला. "मग आला का नाहीस इतकी वर्षं? तुला कोणी बांधून ठेवलं होतं?"

"तू येऊ नको म्हणालीस."

"सहा वर्षं झाली त्याला."

"ये म्हणून कुठे म्हणालीस?"

सहा वर्षं ज्याला त्याला सांगितलेलं वाक्य बाईंना आठवलं. त्या वाक्याचं तोंड दादाकडे नव्हतंच, त्यांच्याचकडे होतं.

"ये," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. उद्याच निघ."

अहवालात मॅचच्या रकान्यापुढे त्यांनी 'चालणार नाही' असं लिहिलं आणि कागद भाचीला दिला. सासरे रुसतील, असं भाची म्हणाली नाही.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. या घरात तो कधी आलेला नव्हता. खोली अंधारी होती. बाई दिव्याकडे वळायच्या आत त्याने हात लांब करून तिसरं बटण दोनदा दाबलं. ते एकदा दाबून लागत नाही. स्टूल कुठे, कठडा कुठल्या बाजूने उघडतो, त्याला सगळं ठाऊक होतं. तो सरळ पलंगाकडे गेला आणि कपाटावर जोरात आदळला. कपाटावर कॅमेरा होता. कॅमेऱ्याला ते कधी दिसलं नव्हतं. गुडघा चोळत तो कपाटाकडे बघत राहिला, आणि बाई दारात उभ्या राहून त्याच्याकडे.

आईला आता फारसं दिसत नसे. तिने त्याचा हात चाचपला, बोटं एकेक करून तपासली.

"नखं किती वाढवलीयत," ती म्हणाली.

बाईंनी नेलकटर आणून दिलं. दादा तिथेच पलंगाच्या कडेला बसून नखं कापू लागला आणि आई त्या टकटकीकडे कान देऊन पडून राहिली. तो परत गेला नाही. बाई सकाळी निर्धास्त होऊन लेकीकडे जात, तेव्हा आईला चमच्याने पाणी तो पाजे.

आई नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमारास गेली. दादा आणि बाई दोघंही जवळ होते.