अस्तर

तिनं हात धुतले, मनगटाचा पट्टा आवळला आणि तो तपासायच्या यंत्राच्या पत्र्यावर बोट टेकवलं. हिरवा दिवा.

"बघा," ती म्हणाली.

तपासनीस बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांच्या हातात रक्तदाब मोजायच्या यंत्राचा डिस्प्ले होता. आठाची एक रेघ उमटतच नव्हती. आठाचा सहा दिसत होता.

"आज दुपारचा हा तिसरा. टेबल तुझंच. स्टॅटिकनं जळलाय, दुसरं काही नाही."

"पण दिवा हिरवा आहे, बाई."

"तेच तर. दिव्याला खोटं म्हणू की तुला? शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर तुला पॅकिंगला बसवावं लागेल."

माणूस नुसता खुर्चीतून उठला तरी अंगात वीज साठते. ठिणगी दिसत नाही, चटका बसत नाही, आणि डिस्प्लेमागच्या केसाहून बारीक वाटा जळून जातात. कधी तर अर्ध्याच जळतात. नग पास होतो आणि कुणाच्या तरी घरी, महिन्या-दोन महिन्यांनी डोळे मिटतो. म्हणून हा पट्टा. त्याची वायर अंगातली वीज टेबलाखालून जमिनीत सोडते. अकरा वर्षं तिचं मनगट असं टेबलाला बांधलेलं होतं, आणि अकरा वर्षांत तिच्या हातून इतके नग गेले नव्हते.

"तुझ्या अंगातच वीज फार," शेजारच्या टेबलावर काम करणारी चिमणी म्हणाली. "नवरा उगाच नाही पळाला!"

ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. सकाळचे नग धड, दुपारचे अधू. हात तेच, बोटं तीच. तिनं चपला बदलल्या, खुर्ची बदलली, ओढणी घरी ठेवली. काही केल्या उलगडेना.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी रोजचंच विचारलं.

"टोचत नाही ना आता?"

"नाही, बाबा."

पट्ट्याच्या आतल्या धातूच्या विणीनं मनगटावर पुरळ उठलं होतं. ते बघून बाबांनी नऊ दिवसांपूर्वी शिलाई मशीनवरची चादर काढली होती. आई गेल्यापासून ती चादर कुणी हलवली नव्हती. थरथरत्या हातांनी त्यांनी पट्ट्याला आतून मऊ मलमलीचं अस्तर लावलं. टाके मात्र मुंगीच्या पावलांएवढे. दुसऱ्या दिवशी तिनं भीत भीतच यंत्रावर बोट टेकवलं होतं. हिरवा. मग तिचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी दुपारी आणखी एक रेघ गेली.

"जा, परत तपासून ये," बाई म्हणाल्या.

नियमाप्रमाणे आधी हात धुवायचे. तिनं नळ फिरवला. नळानं नुसता सुस्कारा टाकला. पाणी गेलं होतं. ती तशीच कोरड्या हातानं यंत्रापाशी गेली. बोट टेकवलं.

लाल.

पुन्हा टेकवलं. लाल. पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. लाल, लाल. ती दिव्याकडे बघत राहिली. मग पिण्याच्या बाटलीतलं पाणी तिनं पट्ट्याच्या कडेवर शिंपडलं. अस्तर गडद झालं, मनगटाला चिकटलं. बोट टेकवलं.

हिरवा.

सकाळी हात धुताना भिजलेल्या अस्तरातून वीज जात होती; दुपारी वाळलं की अडत होती. कुणी बघत नव्हतं. बाटली हातात तशीच धरून ती उभी होती. दर दोन तासांनी हात धुतले तर? वाळलं की पुन्हा भिजवलं तर? कुणाला काय कळणार होतं? तिची नजर दाराजवळच्या खोक्यांकडे गेली. नऊ दिवसांच्या दुपारी त्या खोक्यांत होत्या, पासचा शिक्का मारलेल्या.

ती बाईंच्या टेबलाशी गेली.

"माझे नऊ दिवसांतले दुपारचे सगळे नग मागे काढा. पास झालेलेसुद्धा."

"पास झालेले कशाला?"

तिनं पट्टा उलटा करून पुढे ठेवला. बाईंनी अस्तरावरून बोट फिरवलं.

"कुणी शिवलं हे?"

"घरीच," ती म्हणाली.

बाईंनी पट्टा सुलटा केला. मग त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढून दिलं.

"सोमवारपासून पॅकिंगला. पुढचं साहेब ठरवतील."

घरी मशीन चालू होतं. दारातूनच तिला आवाज आला. बाबांसमोर मलमलीच्या सहा पट्ट्या एकीवर एक रचलेल्या होत्या.

"तुझ्याबरोबरच्या बायकांना," ते म्हणाले. "त्यांनाही टोचत असेल की."

तिनं पिशवीतून उसवलेलं अस्तर काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"पट्टा कातडीला लागायलाच हवा, बाबा."

त्यांनी अस्तर उजेडाकडे धरलं. कडेवरून अंगठा फिरवला, जिथे टाके होते तिथे तिथे थांबत.

"किती नग गेले?"

"मोजतायत अजून."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ अंगठा तसाच फिरत राहिला.

"ओढून नाही काढलंस. एकेक टाका उसवलास."

"हो."

ते अस्तर त्यांनी सहांवर ठेवलं, कडा जुळवल्या. मग चाचपडत सुई आणि दोरा तिच्यापुढे सरकवला.

"एवढा ओवून दे. मला नेढं दिसत नाही."

आता काय शिवणार, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुई खिडकीकडे धरली.