कपावरची बशी

डोळे मिटा पाहू. दगडी फरशीचं, थंडगार दूधघर डोळ्यांसमोर आणा. फळीवर पसरट परातींत दूध ठेवलेलं आहे. ते रात्रभर गार होणार, साय वर येणार, मग ती पळीने काढायची आणि हाताने घुसळून लोणी करायचं. या घरातल्या आईचा उजवा खांदा त्यापायी कायमचा दुखरा झाला होता. तिचा चहा नेहमी बशीने झाकलेला. "आलेच हं," म्हणून ती उठायची, परत येईतो चहाचं पाणी झालेलं असायचं.

एके दिवशी बाबांनी साय काढायचं यंत्र घरी आणलं. काय देखणं होतं म्हणून सांगू! वर दुधाचं भांडं, बाजूला दांडा, खाली दोन तोट्या. एकीतून साय यायची, दुसरीतून उरलेलं पातळ दूध. दांड्याला एक घंटी. दांडा हळू फिरवला की ती टिणटिणायची, वेग जमला की गप्प.

"ही घंटी चूक असेल तेवढंच बोलते, बरं का," बाबा आत्याकडे पाहत म्हणाले. "शिकण्यासारखं आहे."

"आधी साय तर काढू दे त्या यंत्राला!" आत्या फणकारली.

आणि नेमकी सायच निघेना. घंटी गप्प झाली तरी सायीची तोटी थेंब थेंब गळायची आणि मग बंद. तीन दिवस हेच. "परत न्या हे धूड," आत्या म्हणाली. विकणारा उद्या सकाळी यंत्र न्यायला येणार असं ठरलं. खांदा चोळत आईने पराती पुन्हा खाली काढल्या.

धाकट्या मुलीने ते पाहिलं.

दुपारच्या चहाला तिने सायीचं भांडं कपावर कलतं केलं. साय हलेना. थंडीने घट्ट होऊन चोचीत अडकली होती. मुलीने भांडं गरम किटलीला टेकवून ठेवलं. थोड्या वेळाने साय सुर्रकन कपात उतरली. मुलगी त्या चोचीकडे बघतच राहिली.

संध्याकाळी धार काढून झाली. आई बादली सवयीने गार कोपऱ्यात ठेवायला निघाली.

"आई, थांब! गार नको करूस. आत्ताच यंत्रात ओत."

"अगं, गार झाल्याशिवाय साय धरते का कधी?" आत्या म्हणाली. "तुझ्या पणजीपासून गारच करतोय आपण."

"परातीत साय वर यायला हवी, आत्या. इथे तिला तोटीतून वाहायचंय!"

आईने क्षणभर लेकीकडे पाहिलं आणि कोमट दूध यंत्रात ओतलं. दांडा आत्यानेच धरला. टिण टिण टिण!

"गप्प बस गं बये!" म्हणत आत्याने जोर लावला. घंटी गप्प झाली. आणि सायीची धार लागली, दाट, पिवळसर, न तुटणारी.

किटलीत चहा मुरेपर्यंत सगळं दूध आटोपलं. बाबा म्हणाले, "उद्या त्या माणसाला चहा पाजू आणि रिकाम्या हाती पाठवू."

आईने कप भरला, सवयीने बशी वर झाकली आणि पराती लावायला वळली. पण आज परातींत साय धरायला ठेवायचं दूधच उरलं नव्हतं. ती तिथेच घुटमळली.

मुलीने तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं, कपावरची बशी उचलली आणि कपाखाली ठेवली.